भिंतीपल्याडचा रिपोर्ट

“सिकल पॉझिटिव्ह, डावा खुबा झिजलेला, चालताना लंगडते, वय तेवीस, गाव सावली —” आन तितक्यात माह्या कुकरची शिटी झाली, भाऊ. नाव राहूनच गेलं. गॅस बंद करून भिंतीले कान लावेपर्यंत बाजूची करिष्मा दुसऱ्याच कोणाच्या मुतखड्यावर गेली होती. — नाई नाई, बसा ना, पंख्याखाली बसा, पोलिस झाले म्हणून का उभ्यानंच लिहा लागते? नोकरीच्या चौकशीले साध्या कपड्यात आले ते चांगलं केलं. खाकी पाह्यली का लोकं खरं बोलत नाईत. मी बोलते. ह्या गल्लीत करिष्माबद्दल कोणाले विचारायचं असन तर आशाबाईले विचारा, तिचा जन्म माह्या हातावर झाला — म्हणजे सुईण होती, पण गरम पाणी माहं होतं.

वागणूक कशी म्हणता? पोरगी सोन्यासारखी. लिहा तसं. तिचा बाप इसरूभाऊ धानाच्या बांधीत राबला, माय मंगलीनं मोहा वेचला, तेंदूपत्ता तोडला, तवा ही शिकली. बारावी, दोन्ही टायपिंग, मग नागपूरले तो कोर्स — डॉक्टर पेशंट तपासून मशीनमधी बोलून ठेवते, आन हे ऐकून टाइप करते. मेडिकल ट्रान्सक्रिप्शन. मले ते नाव पाठ हाये, काऊन का माह्या मोनालीनंही तोच कोर्स केला. दोघी एकाच वयाच्या, एकाच खोलीत राह्यल्या. पण त्याची सरकारी नोकरी भेटन कुठी? मोबाइलवर पाहा तर शंभर जाहिराती, आन निम्म्या ठगायच्या — आधी फी भरा म्हणते. सरकारात त्या नावाची जागाच दिसत नाई म्हणे. कुठी टंकलेखक लिहिलेलं, कुठी अभिलेख सहायक, आन आत बारीक अक्षरात ते काम. करिष्मानं बसून बसून शोधलं. चार दवाखान्यांत फोन लावून विचारलं. आन जिल्ह्याच्या दवाखान्यात जागा सापडली तर एकटीचाच फॉर्म नाई भरला — मोनालीचाही तिनंच भरला, तिच्या मोबाइलवरून, फोटो बारीक करून टाकला. मी का नाई म्हणते? उपकार हाये. पण भाऊ, तिचा नंबर लागला आन माही पोरगी प्रतीक्षा यादीत बसली. पहिल्या नंबरवर. करिष्माचं काही कमी-जास्त झालं तर मोनालीचंच नाव. — तसं माह्या मनात काही नाई. तुम्ही विचारलं म्हणून सांगतलं.

आता परमनंट व्हायच्या आधी दीड वर्ष ती ठेक्यावर होती ना, तवा काम घरी आणे. दवाखान्यात लाइट गेली का लॅपटॉप उचलून घरी. चालते काय हो तसं? नाई चालत ना? मग लिहा. आमची मधली भिंत आढ्यापर्यंत गेलीच नाई, वरून हातभर फट हाये. तिच्या कानात ते इअरफोनचे बोंडं खुपसलेले — आन कान बंद असले का माणसाले सोताचा आवाज समजत नाई. डॉक्टर इंग्रजीत बोलते, ही आधी मराठीत म्हणून पाह्यते, बराबर समजलं का नाई म्हणून. तिले वाटते मनातल्या मनात म्हणून राह्यली, आन इकडे माह्या फोडणीत पडते सारं. कोणाची शुगर, कोणाचं गर्भाशय. मले ऐकायचं नसते. पण सैपाक तर करा लागते ना.

तर ते सिकल. तुम्ही कुठचे — गोंडपिपरीचे? मग तुम्हाले सांगा नाई लागत. रक्ताची बीमारी, मायबापाकडून उतरते, आन नाव निघालं का सोयरिक संपली. मी एकटीच तिथी उभी, उलथनं हातात, आन विचार करून राह्यली — आपल्याच सावलीची, तेवीस वर्षांची, कोण असन? मग डोक्यात आलं, अशी कापऱ्या आवाजात कोणी दुसऱ्याचा रिपोर्ट वाचते काय? मधात थांबे, नाक ओढे, पुन्हा म्हणे. रडून राह्यली होती, भाऊ, आन तीही तेवीसचीच. सोताचाच असन तवा ना. बरं, त्याच्या दुसऱ्या दिवशी माह्याकडे आली, पाट घेऊन बसली, आन म्हणते, “काकू, तुम्ही आन काका एकदा रक्त तपासून घ्या ना, मोनालीचंही पाहू.” पाह्यलं काय? आपल्या घरची बीमारी झाकायची तर शेजाऱ्याच्या घरी शोधा. आमच्यात कोणालेच नाई. ते दवाखान्यावाली बाई बोट टोचायले आली होती, मी दारातूनच वापस केली. तपासलंच नाई तर निघन कुठून?

लोकाईले? — सांगतलं ना. लपवून का करू, पाप लागते. हिवाळ्यात वडसाले नाटक पाहाले गेलो होतो आम्ही साऱ्या जणी, करिष्मा होती, मोनाली होती. तिथचंच एक घर करिष्माले पाहून गेलं होतं, पोरगा राइस मिलमधी सुपरवायझर, पसंती झालेली. त्याची माय माह्या बाजूच्या खुर्चीवर. आता मी नाई सांगन तर कोण सांगन? पयल्या अंकात सांगतलं, दुसऱ्या अंकात ते बाई उठून गेली. नाटक सरायच्या आत सोयरिक मोडली. मंगली माह्या गळ्यात पडून रडली — तिले अजून मालूम नाई कोणी सांगतलं ते. मीच तिले पाणी पाजलं. जेवण नाई गेलं तिले चार दिवस, मीच आंबील नेऊन दिली. शेजारधर्म हाये.

— लंगडते काय म्हणजे? करिष्मा? नाई हो, सरळ चालते. तेच तर. किती सफाईनं लपवते पाहा. ... रिपोर्टमधी लंगडते लिहिलं होतं ते खरं, पण... भाऊ, तुम्ही लिहा ना. पोरगी चांगली, पण बीमारी लपवली आन दवाखान्याचे रिपोर्ट घरी आणून मोठ्यानं वाचते, साऱ्या गल्लीले ऐकू जाते. एवढंच. द्या, सही करते. सातवी शिकली मी, अंगठा नाई मारत. आशाबाई मुखरू — हे घ्या. तारीख तुम्ही टाका.

मोनाली, चहा आण वो. भाऊ निघाले. — आणते, आणते, हळूहळू येते ते. बिचारी गेल्या सालच्या होळीले स्कूटीवरून घसरली तवापासून पाय ओढते. तेल लावते मी रोज. थंडीत जास्त दुखते, ताप येते, डोळे पिवळे पडते, ते अशक्तपणाचं —

काऊन थांबले लिहायचं? काय पाहून राह्यले तिच्या पायाकडे? — डावा. डावाच. पण सांगतलं ना, ते स्कूटीवरून —

मोनाली, कप ठेव आन आत जाय. ... काय? कोणाचा रिपोर्ट? तुहा? जोरात नको बोलू, भाऊ बसले हाये. ... तू? तू कवा गेली होती दवाखान्यात? करिष्मासंगं? ... दिवाळीच्या आधी. म्हणजे वडसाच्या आधीच. म्हणजे तिथी नाटकात करिष्मा सारं ऐकून राह्यली होती, आन तूही — दोघीही चूप. तूनंच शपथ घातली तिले? मायले नको सांगू म्हणून?

माह्याकडे पाहून राह्यली होती ते तवा. मले वाटलं, शरमली.

...

नाई, भाऊ. खोडू नका. पेन खाली ठेवा. सही माही हाये, जबाब माहा हाये, तुमच्यानं खोडता येत नाई. मी खोटं का बोलली? सावलीची, तेवीस वर्षांची, सिकल — निघालीच ना खरी. भिंत तेवढी चुकली. आन तुम्ही इथी मोनालीले पाह्यलं नाई. चहा मीच आणला. माह्या पोरीचं लग्न व्हायचं हाये, यादीत पयला नंबर हाये तिचा. करिष्माचं काय — एक सोयरिक मोडली तरी बोलली नाई ते. आताही नाई बोलणार. तिले आदत झाली सोसायची.

साखर बराबर हाये ना? प्या लवकर. आन जाताना त्यांच्या दाराकडून नका जाऊ, इकडून मागच्या बाडीतून जा.