भूक म्हणून लागत नाही!

...आणि वर बायको मलाच विचारते, 'कोण आहे ती?' अहो, कोण आहे ती काय! तुम्हीच सांगा, दिवसभर शिकाऊ ड्रायव्हरांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसणारा मी मास्तर, पोटावर गाडीचा पट्टा लागेना म्हणून साखर सोडली, पाव सोडला, बटाटा सोडला, दुपारी एकदाच अंडी, चीज आणि पालेभाजी, बस्स! सुरुवातीचे दिवस तर... विचारू नका! कोपऱ्यावरची बेकरी आली की माझा पाय आपोआप माझ्या बाजूच्या ब्रेकवर! शिकणारी बाई किंचाळायची, 'सर, माझं काय चुकलं?' बाई, तुमचं काही नाही चुकलं, खिडकीत केक मांडणाऱ्याचं चुकलं!

आणि मग एके सकाळी, तुम्हाला सांगतो, चमत्कार! भूक म्हणून लागत नाही! साखर मिळेना म्हटल्यावर शरीर आपलीच चरबी जाळायला लागलं, आणि जाळायला माल काय कमी होता? बेकरी आली, बेकरी गेली, पाय जागचा हलला नाही! पट्टा खटकन लागला! मी नवी पँट घालून शीळ घालत घरी, बायको ताट वाढतेय, आणि मी, 'नको गं, भूक म्हणून लागत नाही!'

इथेच घात झाला. आता तिच्या बाजूने बघा... नवरा बारीक होतोय, शीळ घालतोय, घरी जेवत नाही, आणि तोंडाला वास कसला, तर नेलपॉलिश काढायच्या औषधाचा! 'ही कोण नखं रंगवणारी?' झालं! अबोला! माझ्यापुरतं रांधायची, स्वतः अन्नाला शिवायची नाही. घाबरलो हो, खरंच घाबरलो! इतक्या वर्षांचा संसार, आणि मोडणार कशावरून, तर मी बटाटा खात नाही यावरून?

शेवटी मेहुणीला बोलावलं. ती नर्स. तिने जवळ येऊन वास घेतला आणि हसायलाच लागली. 'ताई, चरबी जळली की येतो असा वास! भाऊजींकडे दुसरं कोण बघतंय?' हे दुसरं वाक्य नसतं तरी चाललं असतं, पण असो! मग बहिणीला मिठी मारायला गेली आणि थबकली... 'अगं ताई, तुझ्याही तोंडाला तोच वास!'

रागाने उपाशी राहिलेली बायको हो! वजनकाटा काढला, तर हिचं माझ्याहून जास्त उतरलेलं! म्हटलं, 'अगं, सुरुवातीला उतरतं ते बरंचसं पाणीच असतं...' ऐकतंय कोण! ही आरशासमोर गिरक्या घेतेय, 'आणि काय हो, भूक म्हणून लागत नाही!' माझं वाक्य! मलाच!

वाटलं, सुटलो एकदाचा. कसला सुटतोय! आता रोज सकाळी समोर येऊन बसते आणि लाडात म्हणते, 'अहो, काहीतरी बोला ना, मला राग येईल असं...' एवढी वर्षं मी नुसतं तोंड उघडलं तरी पुरायचं, आणि आता... काही म्हणजे काही सुचत नाही हो!