मामांच्या नावेची बॅटरी

बॅटरीचं मला नका सांगू, आमच्या मामांचं ऐका. तापीकाठच्या प्रकाशा गावी त्यांनी नावेला बॅटरीवरची मोटर बसवली. दुकानदार म्हणाला, इन्व्हर्टरची बॅटरी घ्या, ती जास्त वेळ पुरते. मामांनी ट्रॅक्टरचीच काढून रात्रभर चार्जिंगला लावली. म्हणाले, "हाई ट्रॅक्टर चालू करस, नाव काय चीज शे?"

सकाळी नाव अशी सुसाट निघाली की आम्ही शिट्ट्याच मारल्या. ऐन मध्यावर मोटर घरघरली आणि बंद पडली. मामांनी बटण दाबून पाहिलं आणि शेतातल्या सवयीने हुकूम सोडला, "बॅटरी उतरनी. चला, सगळा खाले उतरा, धक्का मारा."

मी म्हटलं, "मामा, खाले तापी शे."

तोवर नावेतल्या दोघांनी चपला काढल्यासुद्धा होत्या.