न्जायांच्या घरची चोर

यासीन : मी म्हणते, पोरगी कुठ्ठं जाणार नाही! तिच्या बॅगेला हात लावून तर बघ, लामिन!

लामिन : मावशी, मला काय हौस आहे? अमेरिकेतल्या विद्यापीठाचा हुकूम आहे. शिकायला अन् सेवा करायला इकडे पाठवलेल्या सगळ्या मुलांची जबाबदारी माझ्या मानेवर. दुपारच्या आत मार्गोला दुसऱ्या घरी हलवायचंय.

यासीन : का म्हणून? माझ्या मासे-भातात मीठ कमी पडलं?

लामिन : मुलांना दर आठवड्याला अहवाल लिहावा लागतो. हिनं काय लिहिलंय ऐक. 'सोमवार. दवाखान्यात एकोणीस बाळांची वजनं केली. सकाळी शेजारचे शिंपी मादिओर जोप दारात येऊन मला चोर म्हणाले. मंगळवार. बावीस बाळं. जोप म्हणाले, ऐतखाऊ, ऊठ, चहा ठेव. बुधवार. जोप म्हणाले, तुझं पोट म्हणजे भाताचं कोठार.'

यासीन : मग? खोटं काय त्यात? दोनदा वाढून घेते.

लामिन : मावशी!

यासीन : अरे, तू इथलाच ना? की डाकारच्या ऑफिसात पंख्याखाली बसून सगळं विसरलास? जोप आडनावाच्यांनी न्जाय आडनावाच्यांना थट्टेनं चोर म्हणायचं, न्जायांनी जोपांना. पणज्या-खापरपणज्यांपासून चालत आलंय. पोरगी आली त्याच दिवशी आम्ही तिचं नाव ठेवलं, कुंबा न्जाय. आता न्जाय म्हटल्यावर जोप शिव्या देणारच! नाही दिल्या तर तो अपमान.

लामिन : मला कळतं गं. तिकडच्या प्राध्यापिकेला कसं कळावं? तिला वाटलं, पोरीचा छळ चाललाय. कालपासून तीनदा फोन आला.

यासीन : इथे पाठवायच्या आधी तीन दिवस शिकवत होतात ना तिला? काय शिकवलंत?

लामिन : उजव्या हातानं जेवायचं, पाणी गाळून प्यायचं, मोठ्यांची आधी विचारपूस करायची... शिव्यांचं राहिलं.

यासीन : राहिलं म्हणे! आणि मादिओर भावजींच्या कानावर घातलंस की काय?

लामिन : वाटेत भेटले. म्हटलं, पोरीला लागलंय तुमचं बोलणं.

यासीन : या अल्ला! तरीच आज फिरकले नाहीत. लामिन, आमचे मालक होते तेव्हा हे दोघं रोज सकाळी या दारात भांडायचे. चाळीस वर्षं! मी माहेरची फाल, आपल्यात बाईचं आडनाव लग्नानंतरही तेच, मग माझ्याशी काय भांडणार ते? मालक गेले, मुलं डाकारला गेली. तीन वर्षं भावजी या दारावरून खाली मान घालून जायचे. मग ही पोर आली. पहिल्याच सकाळी बाहेरून ओरडले, 'आहे का घरात कुणी चोर न्जाय?' मी चुलीपाशी बसून रडले रे. आता तिला नेलंस तर म्हातारा पुन्हा मुका होईल.

लामिन : मावशी, हळू. तेच येताहेत. आणि मागून मार्गो.

मादिओर : सलाम. आत येऊ का?

यासीन : अगंबाई! भावजी, तुम्ही कधीपासून विचारायला लागलात?

मादिओर : वहिनी, मला पोरीशीच बोलायचंय. बाळ, चुकलं माझं. तू पाहुणी. यापुढे तुझं दार सोडून चालेन.

मार्गो : आई, काकांना काय झालं? ताप आहे? चोर नाही म्हणाले मला!

लामिन : मार्गो, तू अहवालात लिहिलंस ना, ते शिव्या देतात म्हणून?

मार्गो : हो. आठवड्यात काय झालं ते लिहायचं. ते झालं. तक्रार नाही! पहिले दोन दिवस मी रडले. मग नर्सबाई म्हणाल्या, वेडे, रडतेस काय, उत्तर दे. नऊ दिवस पाठ करतेय. चुकेल म्हणून भीती वाटते.

यासीन : अगं मग बोल की! कशाची वाट बघतेस?

मार्गो : थांबा. हं. 'अहो जोप! भात शिजायच्या आधी तुमचं नाक येतं, आणि भांडी घासायच्या आधी तुमचे पाय पळतात. चोर तुम्ही! तुमचा बापही चोर, आणि तुमची शेळीसुद्धा!'

(मादिओर मटकन खाली बसतात. त्यांचे खांदे हलत राहतात. हसताहेत की रडताहेत, ते लामिनला कळत नाही.)

मादिओर : वहिनी, ऐकलंत? माझ्या शेळीलासुद्धा सोडलं नाही! न्जायच आहे ही, अस्सल न्जाय! का गं चोरटे, इतके दिवस दातखीळ बसली होती?

मार्गो : नाही. तोंडात भात होता.

यासीन : घ्या आता!

लामिन : हसा, हसा. आणि मी प्राध्यापिकेला काय कळवू? पोरीनं म्हाताऱ्याचा बाप काढला, म्हणून सगळं ठीक झालं?

मार्गो : मी सांगते. फोन द्या.

यासीन : जा, अंगणात जाऊन बोल, तिथे आवाज नीट येतो. लामिन, हा चहाचा पहिला प्याला घे. आपला चहा तीनदा होतो, अजून दोन व्हायचेत, तोवर तू हलत नाहीस.

लामिन : कडू जहर आहे, मावशी.

यासीन : पहिला कडूच असतो. ती बघ, आलीच. काय गं, काय म्हणाल्या?

मार्गो : राहा म्हणाल्या! पण रोजची शिवी अर्थासकट लिहायची. लामिनभाऊ, जोपांना उत्तर द्यायचा वेळ अहवालात कुठे मांडू? शिक्षणाच्या तासांत की सेवेच्या?

लामिन : माझं डोकं खाऊ नकोस. दोन्हीत मांड!

यासीन : भावजी, निघालात कुठे? चहा तरी घ्या.

मादिओर : उद्या घेईन, वहिनी. उद्या जरा लवकरच येतो. तीन वर्षांचं बोलायचं राहिलंय.