शिक्का नसलेला दगड

शिक्का शोधताय ना भाऊ? — नाही सापडायचा. होता, निळ्या शाईचा, दोन बोटं रुंद, इथे कुणाला वाचता येत नव्हता पण होता — झिजला असेल वापरून. त्यापेक्षा पाणी टाकून बघा, ही वाटी. एकच थेंब टाका नि थांबा. बसलाय की नाही तसाच? धार लावायचा साधा दगड असता तर घटाघटा प्यायला असता. आता हे पिल्लू घ्या — हा लहान खडा हो, त्याच्याबरोबरच आलेला, आमचे हे त्याला पिल्लू म्हणायचे — आणि घासा त्यावर. जोर कशाला, बाळाची पाठ चोळतात तसं. दुधासारखा गाळ येईल. त्यात वस्तरा फिरवला की गाळ काळा पडतो, म्हणजे दगड लोखंड खातोय. आणि वास बघा, ओल्या पाटीचा, शाळेतल्या. येतोय ना? मग जपानचाच आहे.

मला कसं कळतं म्हणता? पुढे ह्यांचं न्हाव्याचं दुकान, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक पडदा — एकोणीस वर्षं ऐकलंय मी. आधी खर्र खर्र, मग सर्र, मग नुसता कुणी झोपेत श्वास घ्यावा तसा आवाज — तो आला की मी गॅस बारीक करायची, कारण आता हे वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर मारणार नि जेवायला येणार. ऐकायचं फक्त. दगडाला हात लावायची मला बंदी होती. — नाही नाही, रागीट नव्हते हो, देवमाणूस — बंदी मीच ओढवून घेतलेली. शिक्का झिजला म्हटलं ना मघाशी, ते खोटं. मीच घासला. नवीन लग्न, हे परगावी गेलेले, म्हटलं आल्यावर दुकान आरशासारखं दिसू दे. दगडाच्या कडांना काळं काहीतरी चिकटलेलं, मला वाटलं कीट — सोड्याच्या गरम पाण्यात घातला, तारेच्या घासणीनं सगळं खरवडलं, पाठीवरच्या शाईसकट, आणि गच्चीवर कडक उन्हात ठेवला. ती लाख होती भाऊ. कडेनं पाणी शिरू नये, थर सुटू नयेत म्हणून लावलेली. संध्याकाळी उचलायला गेले तर पुस्तक उघडावं तसे दोन तुकडे — एक जाड, एक हा पातळ, तुमच्या हातातला. जहाजावरच्या एका गिऱ्हाइकानं ह्यांना दिलेला, जिवापाड जपलेला. ह्यांनी जाड तुकड्याला पुन्हा लाख लावली आणि म्हणाले, "आजपासून तू याला हात लावायचा नाहीस." बस्. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी हात थरथरायला लागले त्यांचे. दुकान बंद, हे खाटेवर — न्हाव्याचीच दाढी वाढलेली बघवत नाही हो. वस्तरा बोथट. एका दुपारी ह्यांचा डोळा लागलेला बघून मी तो जाड दगड काढला. खर्र, सर्र — चुकत होतं, पुन्हा पहिल्यापासून — तास झाला, दीड तास झाला — आणि आला तो आवाज. श्वासाचा. मला रडूच फुटलं. संध्याकाळी मीच दाढी केली त्यांची. गालावरून हात फिरवून म्हणाले, "धार कुणी लावली गं?" ओठांवर आलं होतं. पण एकोणीस वर्षांची बंदी — जीभच वळली नाही — म्हटलं, कोपऱ्यावरच्या टकल्यानं. त्याचंही दुकानच, स्वतःच्या डोक्यावर पीक नाही म्हणून लोकांचं कापतो, असं हेच चिडवायचे त्याला. हे कितीतरी वेळ गाल चाचपत राहिले. म्हणाले, "माझ्यापेक्षा हलका हात आहे. वाटलं नव्हतं."

तुम्ही मोठा दगड विचारत आलात, तर तो इथे नाही. आणि हा द्यायचा नाही मला. ठेवा खाली — पुसून ठेवा, कडा जपून. या आता. — दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी टकल्याला बोलावून घेतलं आणि जाड दगड त्याच्या हातात ठेवला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी पाणी आणायला आत गेले, आणि बाहेर आले तेव्हा तो दगड घेऊन गेलेला होता.