डाव्या बुटातल्या गोळ्या

धम्मदीना : अकरा, बारा, तेरा. बाबा, पॉलिश करायला घेतला, तर डाव्या बुटातून तेरा गोळ्या निघाल्या!

आनंदराव : मग बरोबर आहे. दुखून कोण राहिलंय? डावा पाय. दवाई त्यालाच नको का द्यायला?

धम्मदीना : डावा पाय कापून दोन वर्षं झाली.

आनंदराव : कापला कुठं? महूला गेलाय, पलटणीत. तुझ्या सुभेदार आजोबांनी बोलावून घेतला. परेड तिकडे, अन् टाच दुखते माझी.

धम्मदीना : मजाक बस झाली. पलासियाच्या डॉक्टरला मी काय तोंड दाखवू? रोज संध्याकाळी तुम्ही कण्हता, मला स्वयंपाकघरात ऐकू येतं.

आनंदराव : कण्हत नाही, गातो.

धम्मदीना : बाबा!

आनंदराव : बरं. दोन गोळ्या घेतल्या होत्या मी. सगळं गप झालं. अन् दर गुरुवारी पाय कापलेल्यांना भेटायला दवाखान्यात जातो ना, तिथं वॉर्डात चिंतामणनं विचारलं...

धम्मदीना : तो बस कंडक्टर?

आनंदराव : तोच. नुकताच पाय गेला त्याचा. नसलेल्या अंगठ्याला खाज सुटते म्हणतो, तर घरचे म्हणतात डोकं सरकलं. मी गेलो की एकच सवाल, "भिया, आज तुमचा दुखून राहिलाय का?" मी हो म्हटलं की जेवतो बिचारा. त्या दिवशी माझा दुखत नव्हता.

धम्मदीना : मग हो म्हणायचं! लालबागच्या मेळ्यात हत्तीला सायकल शिकवली म्हणून सांगता, अन् एवढी एक थाप जड झाली?

आनंदराव : नाही निघाली तोंडातून. त्यानं ताट सरकवून दिलं.

धम्मदीना : तेवढ्यासाठी हे सोसायचं? ...बाबा, इकडे बघा. आणखी काय आहे?

आनंदराव : तू विचारतेस ना, आई शेवटी काय बोलली.

धम्मदीना : तीनदा विचारलं. एकदा म्हणालात, माझं नाव घेतलं. एकदा म्हणे त्रिशरण म्हटलं. अन् एकदा, गॅस बंद केला का, असं विचारलं.

आनंदराव : काहीच नाही बोलली कांता. कृष्णपुऱ्याच्या पुलावर ट्रकनं उडवलं, स्कूटर मी चालवत होतो. पाय खाली चेपलेला. ती सरकत आली अन् माझा घोटा धरला. रोज संध्याकाळी दाबून द्यायची ना, तसा. अँब्युलन्स येईपर्यंत दाबत राहिली. मग हात ढिला पडला.

धम्मदीना : दोन वर्षं हे पोटात ठेवलंत?

आनंदराव : डॉक्टरांनी पाय नेला, दीना. तिची पकड राहून गेली. घोट्यावर बरोबर तिची पाच बोटं दुखतात. आधी शिव्या द्यायचो. आता साडेसहाला सुरू झालं की मनात म्हणतो, साधु, साधु, साधु. कांता आली म्हणून. तिच्याच भरवशावर त्या चिंतामणपुढे बसतो मी. नाहीतर मी कोण? थापाड्या म्हातारा.

(धम्मदीना पलंगाशी बसते. चादर जिथं सपाट आहे, तिथं हात ठेवते.)

धम्मदीना : आत्ता दुखतंय?

आनंदराव : साडेसहा वाजले ना.

धम्मदीना : कुठं? इथं?

आनंदराव : नाही बेटा, तिथं तुझ्या आईचा हात आहे. तू जरा बाजूला धर.