आईचा प्रवेश

लिदियाबाई : नाही म्हणजे नाही, दोरिन. तो प्रवेश काढायचा. बाकी नाटक राहू दे, गाणी राहू देत, ते बोकडाचं सोंगसुद्धा राहू दे. नव्या वर्षाचं सोंग ईस्टरला कुणी करत नाही, पण मी चालवून घेतलंय. फक्त आईचा तेवढा प्रवेश नको.

दोरिन : बाई, तो काढला तर उरतो फक्त बोकड.

लिदियाबाई : बोकड चांगला आहे. गाव हसेल. सणासुदीला लोक हसायलाच येतात.

दोरिन : नोव्हेंबरपासून दर शनिवारी मी आणि माझ्या जोडीला नाटक शिकवणारी इरा राजधानीतून, किशिनावहून दोन बस बदलून येतोय, ते काय बोकडासाठी? बोलावलंत तुम्ही. तुम्हीच म्हणालात, 'तेरा-चौदा वर्षांची पोरं आहेत, तोंडातून शब्द काढत नाहीत, तुमच्या नाटकाच्या खेळांनी काही होतंय का बघा.'

लिदियाबाई : बोलती करा म्हटलं होतं. गावासमोर आयांचे वाभाडे काढा, असं नव्हतं म्हटलं.

दोरिन : वाभाडे कुठे काढलेत?

लिदियाबाई : एक बाई इटलीहून दोन वर्षांनी घरी येते. मुलगी तिच्यापुढे पाहुण्यांचा टॉवेल धरते. कपाटातले चांगले कप काढते. विचारते, 'साखर किती घालू?' स्वतःच्या आईला! याला तुमच्या शहरात काय म्हणतात?

दोरिन : तालमीत हे पहिल्यांदा केलं तेव्हा पोरं आधी खो खो हसली. मग तो ग्रिशा, जो दोन महिने भिंतीला पाठ लावून उभा असायचा, तो म्हणाला, 'आमच्याकडे पण.' तेवढंच. पण त्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, बाई.

लिदियाबाई : मूळ कुणाच्या घरचं आहे ते? कुणी सांगितलं?

दोरिन : ते नाही सांगणार. पहिल्या दिवशीच ठरलंय आमचं. वर्तुळात बसून बोललेलं वर्तुळातच राहणार.

लिदियाबाई : मी या शाळेची मुख्याध्यापिका आहे.

दोरिन : आणि मी त्या पोरांना शब्द दिलाय.

लिदियाबाई : बरं. मग आता माझं ऐक. या खिडक्या बघ. इथे पूर्वी पुठ्ठे ठोकलेले होते. पोरं हातमोजे घालून लिहायची. तिकडे इटलीत, पादोव्यात दुसऱ्यांची म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या आपल्या बायकांनी या खिडक्या बसवून दिल्या. छप्पर गावानं घातलं. सरपण आजोबा लोक आणून टाकतात. अख्ख्या मोल्दोव्हात अशी गावानं जगवलेली शाळा दुसरी नसेल. आणि जिल्ह्याला ती बंद करून पोरांना टेकडीपलीकडच्या मोठ्या शाळेत कोंबायचंय. मंगळवारी पालकांची सभा आहे. पालक म्हणाले शाळा हवी, तर शाळा राहील. सोमवारी त्यांना हे दाखवायचं, आणि मंगळवारी म्हणायचं, करा हात वर?

दोरिन : हो.

लिदियाबाई : तुझं बरं आहे. तुला परत जायला बस आहे.

दोरिन : माझी आई मॉस्कोत होती, बाई. इमारतींना रंग द्यायची. ती गेली तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते, आणि परत आली तेव्हा मी दाढी करत होतो. बसचं काय घेऊन बसलात.

लिदियाबाई : हे कधी बोलला नाहीस.

दोरिन : वर्तुळात बोललोय.

गालिना : येऊ का, बाई?

लिदियाबाई : कोण? अगं गालिना! ये, ये. कधी आलीस? दोरिन, ही गालिना, माझी जुनी विद्यार्थिनी. आपल्या साबिनाची आई. खिडक्यांसाठी तिकडे पादोव्यात दारोदार फिरली ती हीच.

गालिना : काल आले. साबिना कुठे आहे? घरी आल्यापासून पोरीला धड बघितलं नाही मी. सकाळी उठते तर अंथरूण रिकामं. सासू म्हणते, शाळेत गेली. सुट्टीत कसली हो शाळा?

लिदियाबाई : हॉलमध्ये आहे, इराबरोबर. पडदा टांगताहेत. सोमवारी मुलांचा कार्यक्रम आहे ना.

गालिना : माहीत आहे. मिनीबसमध्येच कळलं. पादोव्यापासून इथपर्यंत दीड दिवस, गुडघ्याला गुडघा लावून बसलेलो आम्ही. बोलण्याशिवाय धंदा काय? शाळेत नाटक बसवलंय म्हणे, आणि त्यात आम्हाला नावं ठेवलीयत. हाच का तो शहरातला?

दोरिन : हाच तो.

गालिना : बारीक आहे फार. मला वाटलं, मोठा माणूस असेल.

लिदियाबाई : गालिना, तू काळजी करू नकोस. तो भाग आम्ही काढतोय. आत्ता तेच बोलत होतो.

गालिना : कुठला भाग?

लिदियाबाई : काही नाही गं. बारीकसारीक.

गालिना : बाई, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. मी सातवीत होते तेव्हाही यायचं नाही. ए शहरातल्या, तू सांग. काय आहे त्यात?

दोरिन : सुरुवातीला फोन आहे. आईचा रोज रात्री फोन येतो. ती विचारते, जेवलीस का, स्वेटर घातलास का, अभ्यास झाला का. मुलगी तीन वेळा 'हो' म्हणते. फोन बंद.

गालिना : मग काय विचारायचं? आं? म्हातारी झोपली की मला अर्धा तास मिळतो. तोही स्वयंपाकघरात, दिवा न लावता. इतक्या लांबून मला दुसरं काय दिसतं? पोरगी उपाशी झोपली की पोट भरून, एवढं तरी नको कळायला?

दोरिन : कळायला हवंच. मुलंही तेच म्हणाली. आईनं विचारलं की बरं वाटतं, म्हणाली. फक्त 'हो' म्हटलं की पुढे काही उरत नाही.

गालिना : आणि दुसरं?

लिदियाबाई : दुसरं काही नाही.

गालिना : बाई!

लिदियाबाई : टॉवेल आहे एक.

गालिना : कसला टॉवेल?

दोरिन : आई घरी येते, हात धुते. मुलगी तिला पाहुण्यांचा टॉवेल देते.

गालिना : पांढरा. काठाला लाल विणकाम.

दोरिन : नाटकात निळा आहे. शाळेत तोच मिळाला.

गालिना : आमच्याकडे पांढरा आहे. सासूनं तिच्या लग्नात विणलेला. पाद्री घर पवित्र करायला आले की तेवढाच बाहेर निघतो. काल मी मिनीबसमधून उतरले, विहिरीवर हात धुतले, तर साबिना मागच्या खेपेसारखीच तोच घेऊन उभी. मला काय वाटलं सांगू? वाटलं, पोरगी शहाणी झाली, रीतभात शिकली. शेजारणीला कौतुकानं सांगून आले मी. कौतुकानं!

लिदियाबाई : गालिना, अगं, ते तुझ्या घरचंच असेल असं नाही. पोरं काहीही रचतात.

गालिना : आणि आम्ही काय तिकडे मजा मारायला गेलो? यांच्या पायात बूट कुठून येतात? फोन कुठून येतात हातात? ते नाही वाटतं नाटकात?

दोरिन : ते त्यांना माहीत आहे.

गालिना : मग दाखवा की! आईचंही काही दाखवा!

दोरिन : दाखवायचं होतं. जागा ठेवलीय त्यासाठी. आई तिकडे एकटी, एवढाच प्रवेश. कित्येक शनिवार त्यावर घालवले, पण तो होत नाही. कुणी म्हणतं, 'ती काम करते.' मी म्हणतो, करून दाखव. तो उभा राहतो आणि उभाच राहतो. आई सकाळी उठून काय करते, कुठे बसून जेवते, कशाला हसते, एकाही पोराला सांगता येत नाही.

गालिना : कुणी विचारलंय कधी?

लिदियाबाई : तू सांगितलंस कधी?

गालिना : काय सांगू, बाई? म्हातारीचं अंथरूण बदलते, तिचं ढुंगण धुते, हे सांगू? मी सांगते, सगळं छान आहे. ऊन असतं, संत्री असतात, मालकीणबाई देवमाणूस आहे. पोरीनं शाळेत मान खाली घालू नये म्हणून.

दोरिन : ती मान खाली घालत नाही.

गालिना : तुला काय माहीत?

दोरिन : हिवाळाभर बघतोय ना तिला.

गालिना : हं. मी नाही बघितलं.

लिदियाबाई : म्हणूनच मी म्हणत होते, दोरिन. उगाच जखमेवर बोट कशाला? तो प्रवेश काढून टाकू, आणि—

गालिना : काढू नका.

लिदियाबाई : काय?

गालिना : नाटकातून काढाल तुम्ही. माझ्या घरातून कोण काढणार?

लिदियाबाई : अगं, पण बाकीच्या बायका? तुझ्यासारख्या सगळ्या नाहीत. भर हॉलमध्ये कुणी उठून ओरडली तर?

गालिना : बाकीच्यांचं मी बघते. रडतील. रडू देत की. दर वेळी परत निघताना बसपाशी गळ्यात पडून रडतोच ना आम्ही? यंदा चार दिवस आधी रडू, म्हणजे उरलेले चार दिवस तरी बोलायला मिळतील. फक्त मला पुढच्या रांगेत बसवू नका.

दोरिन : मग कुठे बसणार?

गालिना : मागे. दाराशी. आणि त्या ग्रिशाच्या आईला माझ्या शेजारी जागा ठेवा. ती गाडीत सगळ्यात जास्त बडबडत होती. तीच आधी कोसळेल.

लिदियाबाई : आणि मंगळवारची सभा?

गालिना : मंगळवारचं काय? टेकडीपलीकडे एका वर्गात चाळीस पोरं आहेत, बाई. तिथे माझ्या पोरीला कोण विचारणार आहे, घरात टॉवेल कुठला काढता म्हणून? मी हात वर करीन, आणि शेजारणीचाही धरून वर करीन. पण या बारक्याला पुढच्या वर्षीही बोलवायचं.

दोरिन : बारक्या येईल.

लिदियाबाई : बोलवायचं तर मग शुक्रवारी रात्रीच यायला सांगेन. माझ्याकडे खोली रिकामी आहे. दोन बस बदलून येतो आणि अर्धा शनिवार जांभया देतो. ती बघ, साबिना येतेय इकडे. दोरिन, चल, पडदा बघू.

दोरिन : पडदा झाला असेल टांगून.

लिदियाबाई : मग काढून परत टांगू. चल म्हटलं ना!

(दोघं जातात. बाकांवर मुलांनी रंगवलेले कागदी मुखवटे वाळत पडले आहेत. साबिना दारातच थांबते.)

साबिना : तू इथे? आजीनं पाठवलं?

गालिना : नाही. अशीच आले. हे तुम्ही बनवलेत?

साबिना : हो. हात नको लावूस, ओले आहेत.

गालिना : छान आहेत. तुझं काम कसलं आहे गं नाटकात? त्या मुलीचं ना?

साबिना : नाही. मुलगी व्हिका झालीय.

गालिना : मग तू?

साबिना : आई.

गालिना : तुला का दिलं?

साबिना : दिलं नाही. मीच मागितलं.

गालिना : का?

साबिना : माहीत नाही. असंच. चिडलीस?

गालिना : नाही गं.

साबिना : (बाकाच्या मोकळ्या कडेला बसत) एक प्रवेश येत नाही मला. दोरिनदादा म्हणतो, खोटं खोटं नको करूस, त्यापेक्षा गप्प बसून राहा. पण असं नुसतं किती वेळ बसायचं? तुला विचारू एक?

गालिना : विचार ना.

साबिना : सकाळी उठल्यावर तू पहिल्यांदा काय करतेस?

गालिना : पहिल्यांदा? पहिल्यांदा म्हातारीच्या खोलीत जाते. खिडकीवरच्या झडपेच्या पट्ट्या वर करते. त्या इतक्या करकरतात की अर्ध्या गल्लीला कळतं. मग तिला उशीला टेकवून बसवते. केस विंचरते. केस म्हणजे काय, चार काड्या आहेत, पण तिला वेणी लागते.

साबिना : मग?

गालिना : मग मोजे. मोजे घालताना ती लाथा मारते.

साबिना : चल! खरंच?

गालिना : अगं, घोड्यासारख्या. हे बघ, इथे वळ आहे अजून.

साबिना : मग तू काय करतेस?

गालिना : आपल्या भाषेत शिव्या घालते. तिला वाटतं, मी गाणं म्हणतेय. टाळ्या वाजवते.

साबिना : आई! हे मी करू सोमवारी?

गालिना : मोजे कर. शिव्या नकोत, लिदियाबाई स्टेजवर चढतील.

साबिना : थांब, घाई नको करूस. मोजे घातले. मग?

गालिना : मग कॉफी. आणि कॉफी पिताना मी तिला विचारते, रात्री स्वप्न काय पडलं. डॉक्टरांनी सांगितलंय, तिला बोलतं ठेवा म्हणून. रोज काहीतरी नवीन सांगते. एकदा म्हणे स्वयंपाकघरात मेंढ्या शिरल्या. एकदा मेलेला नवरा आला आणि टोपी विसरून गेला. तास तास चालतं तिचं.

साबिना : रोज विचारतेस?

गालिना : रोज.

साबिना : मलापण पडतात.

गालिना : काय?

साबिना : स्वप्नं.

गालिना : सरक जरा. बसू दे मला.