चॉकलेटी टेबल

रंगकामाचं माझ्यापुढं कुणी बोलूच नका. नात क्लाससाठी लातूरला माझ्याकडं राहायला येणार, म्हणून लेकानं जुन्या सागवानी टेबलाला चॉकलेटी ऑईलपेंट दिला. पहिला हात वाळायच्या आत दुसरा मारला अन् ड्युटीवर गेला निघून. आठवडा झाला तरी टेबल चिकटच. वही ठेवली की पान फाटून यायचं. पोरीनं अभ्यास करावा कुठं?

त्यात शेजारचा बालाजी रोज येऊन बोट लावायचा.

"मावशी, वाळला का?"

"तू बोट लावायचं सोड, मग वाळंल!"

शेवटी मीच टर्पेंटाईन आणलं, रंग खरवडला, पॉलिशपेपरनं लाकूड घासून काढलं. खांदे भरून आले. लेक फोनवर म्हणतो, "आई, एखादा पेंटर बघायचा ना."

म्हणलं, "एक बघितला की. पोटचाच हाय."

पुन्हा रंग द्यायचं त्राण नव्हतं. कोऱ्या लाकडावर वही ठेवून बघितली, न चिकटता अलगद निघाली. मी भिंतीला टेकून बसले, तेवढ्यात बालाजी आलाच. बोट दाबून म्हणतो, "आत्ता कसा वाळला! कोणत्या कंपनीचा रंग हो मावशी?"

म्हणलं, "सागाच्या झाडाचा. जा आता घरी."